मानाच्या बंदुकीची नळी

आमच्या रायफल क्लबात ज्या थोड्याफार बंदुका होत्या, त्यांतली एक मानाची होती. क्लब सुरू झाला तेव्हा एका जुन्या सरदार घराण्याने ती भेट दिली होती. तिच्या दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी होती, कपाटात तिला मधली जागा होती आणि पाहुणे आले की आधी तीच दाखवली जाई. तिच्यातून सुटलेली गोळी नेमकी कुठे जाईल, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. दोष तिचाच असावा ही शंका सगळ्यांना होती आणि कुणीही ती बोलत नव्हतं. मानाच्या वस्तूंना आपल्याकडे एवढी सवलत असतेच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही हकिकत. मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि माझी बायको मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होती. बंदुकीचं वेड तिचं. साताऱ्याला कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये ती नेमबाजी शिकली होती आणि लग्न झाल्यावर तिला सगळ्यात जास्त आठवण कशाची येत असेल तर ती माहेरची नव्हे, फायरिंग रेंजची. क्लबाच्या घटनेत बायकांना सभासद होता येणार नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण तसा प्रसंग येईल असं घटना लिहिणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. त्या फटीतून ती आत शिरली. मी सोबतीला. मी स्वतः बंदूक उडवली ती एकदाच. माझी गोळी शेजारच्या माणसाच्या पुठ्ठ्याला लागली आणि त्याने ती निमूटपणे आपल्या गुणांत धरली. त्यानंतर मी पुस्तक घेऊन जाऊ लागलो.

रेंज म्हणजे विश्रामबागेच्या पलीकडे, ओढ्याकाठच्या माळावर, एक पत्र्याची ओसरी, तिला लागून बंदुका ठेवायची कुलुपबंद खोली आणि समोर मातीचा उंच बांध. बांधापुढे पुठ्ठे लावायचे, ओसरीत पालथं पडून नेम धरायचा. हळदीचा हंगाम असला की वाऱ्याबरोबर ती साठवायच्या जमिनीतल्या पेवांकडचा तिखट-गोडसर वास यायचा आणि नेमबाज शिंकायचे. त्या दिवसांत गुण कमी पडले तर दोष हळदीवर जात असे.

क्लबाचे अध्यक्ष वकील होते. कोर्टात ते फार बोलत नसावेत, कारण शिल्लक राहिलेलं सगळं भाषण ते क्लबात घेऊन येत. खाकी ब्रीचेस, गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट, आणि नेम धरण्याआधी शौर्याच्या परंपरेवर दोन शब्द. पालथं पडून पुठ्ठ्यावर नेम धरायला गुडघ्यापर्यंतचे बूट कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण नेम त्यांचा चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. त्यांची स्वतःची बंदूक परदेशी होती आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

बायको सभासद झाली तेव्हा त्यांनी छोटंसं भाषण करून मानाची बंदूक तिच्या हाती दिली. झाशीच्या राणीचा उल्लेख झाला. टाळ्या वाजल्या. क्लबातल्या चांगल्या बंदुका आधीच ज्येष्ठांत वाटल्या गेल्या होत्या, ही बाब भाषणात आली नाही.

ती दर रविवारी गेली. उन्हात, धुळीत, हळदीच्या वासात. तिच्या गोळ्या पुठ्ठ्यावर अशा पडत की जणू कुणीतरी ओट्यावर मोहरी सांडली आहे. एक वर, एक डावीकडे, एक पार काठावर. साताऱ्याला असताना हीच बाई काळ्या ठिपक्याच्या बाहेर जात नसे. क्लबाच्या सेक्रेटरींनी एकदा त्याच बंदुकीवर प्रयत्न केला, त्यांच्याही गोळ्या विखुरल्या आणि त्यांनी चष्मा बदलायला झालाय असं सांगितलं. अध्यक्षांनी एकदा आग्रहाखातर उडवली, पुठ्ठा पाहिला आणि म्हणाले, आज वारा आहे. ओढ्याकाठचं वेळूचं पानही तेव्हा हलत नव्हतं. बायकोने सेक्रेटरींची बंदूक मागून पाहिली, पण सेक्रेटरी ताडमाड उंच, त्यांच्या बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्याला बसेना. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही.

मग एका रविवारी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. तिला नव्हे, मला.

"प्रोफेसर, राग मानू नका. तुमच्या मिसेसचा हात हलतो. घोडा ओढताना धक्का बसतो. बायकांचं होतं तसं."

ते बाजूला घेऊन बोलले, पण वकिलाचा आवाज. ओसरीत सगळ्यांनी ऐकलं.

घरी येताना आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. मी अध्यक्षांच्या बुटांवर एक विनोद करून पाहिला, तो वाया गेला. कॉलनीच्या कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "त्यांचं खरंही असेल. मला एवढंच कळायला पाहिजे, हलतं कोण? मी का ती? मी असेन तर मी बंदूक खाली ठेवते. मग परत हात लावायची नाही."

तिने हे शांतपणे सांगितलं, म्हणून मला काळजी वाटली. ती भांडून सांगते तेव्हा त्यात फरक पडू शकतो.

वैशाखात सासरे आले. कराडजवळ कृष्णाकाठी त्यांचा ऊस. कारखान्याचा हंगाम संपला की त्यांना करमत नसे, मग ते काकवीचा डबा घेऊन आमच्याकडे येत. सैन्यात ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावात त्यांना सुभेदार म्हणत. त्या भागात निवृत्त फौजी एसटीतून उतरताना एक-दोन हुद्दे वर चढूनच उतरतो, आणि गावही त्याला खाली ओढत नाही. त्यांच्या लढाईच्या गोष्टींत शत्रू क्वचित येई. स्टोअरचा सुभेदार मात्र प्रत्येक गोष्टीत असे, आणि दर वेळी हरत असे.

रात्री जेवताना बायकोने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडताच निकाल दिला.

"पोरी, तुझा हात न्हाई हलत. बंदूकच खराब हाय."

"आबा, तुमी बंदूक बघितली तरी हाय का?"

"बघायची काय गरज? तुला वळखतो न्हवं मी."

"म्हणूनच म्हणते. तुमी माझं आबा हाय म्हणून बोलताय. बंदूक बघा, मग बोला."

सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, ही आईवर गेलीया." मी काकवी वाढून घेतली.

अध्यक्ष मे महिनाभर महाबळेश्वरला असत. किल्ल्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींचं कापडाचं दुकान होतं आणि स्वभाव मऊ होता. मानाच्या बंदुकीला हात लावायचा म्हटल्यावर त्यांना घाम फुटला, पण बायकोला बोललेलं त्यांनीही ऐकलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. शेवटी त्यांनी अट घातली: बंदूक खोलीबाहेर ओसरीपर्यंतच येईल, ते स्वतः समोर बसतील, आणि चांदीच्या पट्टीला कुणी हात लावणार नाही. पट्टीशी आम्हाला काही कर्तव्यच नव्हतं.

सासऱ्यांनी बंदूक उघडली, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आरसा हाय," ते म्हणाले.

नळी आतून चकाकत होती. पलटणीत नळी चमकली की तपासणीचा साहेब पुढच्या माणसाकडे सरकत असे, आणि आयुष्यभर त्यांनी चमक म्हणजे निरोगी नळी असंच धरलं होतं. मुलीच्या बाजूने दिलेला निकाल आता त्यांच्याच अंगावर येत होता. बायको खांबाला टेकून उभी होती. तिने मान हलवली, म्हणजे, ठीक आहे, कळलं.

सासऱ्यांना ती मान हलवणं सहन झालं नाही. ते म्हणाले, पलटणीत त्यांना काम शिकवणारा उस्ताद आणखी एक गोष्ट करायचा. त्यांनी काडतुसातली एक मऊ शिशाची गोळी मागून घेतली, तेल लावलं, मागच्या बाजूने नळीत बसवली आणि लोखंडी गजाने हळूहळू पुढे ढकलू लागले. नळीच्या आत पीळ असतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. त्यावरून गोळी फिरत फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. तो पीळ सगळीकडे सारखा असला पाहिजे. डोळ्याला कळत नाही ते गजातून तळहाताला कळतं. त्यांनी एकदा ढकलून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि दुसरी गोळी बसवून गज मुलीच्या हातात दिला.

तिने डोळे मिटून ढकललं. बराच वेळ काहीच नाही. मग नळीचं तोंड चार बोटं राहिलं असताना तिचा हात थबकला.

"आबा, हितवर लोणी हाय. हितनं पुढं रेती."

सासऱ्यांनी बॅटरी आणवली, तोंडाच्या बाजूने तिरपा उजेड टाकला. सरळ पाहिलं तेव्हा जो आरसा दिसत होता, त्याच्या शेवटच्या चार बोटांत तिरप्या उजेडात बारीक तपकिरी ठिपके दिसले. गंज. वरून दर रविवारी तेलाची चिंधी फिरवून चमकवलेला, पण खाली धरून बसलेला. गोळी सगळी नळी शहाण्यासारखी येत होती आणि दारातून बाहेर पडताना धक्का खात होती.

"पानी शिरलंय," सासरे म्हणाले. "त्ये बी त्वांडाकडनं. कवा भिजली ही?"

सेक्रेटरी दुखावले. खोली गळत नाही, कपाट सागवानी आहे, पावसात बंदूक कधी काढत नाही. इतर बंदुका त्यांनी आणून दाखवल्या. त्यांच्या तोंडाशी काही नव्हतं. एकाच कपाटात उभ्या राहणाऱ्या बंदुकांपैकी एकीलाच पाणी कसं लागेल, हे कुणाला सुचेना. मी इतिहासाचा माणूस असल्याने पोर्तुगीज काळापासून दमट हवेचा काही संबंध लावता येतो का पाहू लागलो.

"नारळ," बायको म्हणाली.

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

"खंडेनवमीचा नारळ."

मग सगळ्यांना एकदम दिसलं. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळे-कोयते मांडतो, शिंपी मशीन मांडतो, क्लब बंदुका मांडायचा. पाटावर त्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या असत. इतर बंदुकांना दस्त्यावर हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल. अध्यक्षांची परदेशी बंदूक तर घरच्या देवघरातच राही, तिलाही फूलच. पण नारळाचा मान मानाच्या बंदुकीचा. अध्यक्ष स्वतः नारळ फोडत आणि शौर्याच्या परंपरेवर बोलत बोलत करवंटीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतत. अभिषेक. ते पाणी बंद नळीतल्या कोंडलेल्या हवेवर अडे आणि तोंडाजवळच्या चार बोटांत राही. पुन्हा पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून रात्रभर ती तशीच उभी. क्लब सुरू झाल्यापासून दर वर्षी हा सोहळा झाला होता, आणि एकही नवमी चुकली नव्हती याचा क्लबाला अभिमान होता.

सेक्रेटरी ओट्यावर बसले. काही वेळाने ते म्हणाले, "हे साहेबांना कोण सांगणार?"

मी त्यांना धीर दिला की इतिहासात बऱ्याच गोष्टी कुणी कुणाला न सांगितल्यामुळेच टिकून राहिल्या आहेत.

बायकोला मात्र हायसं वाटलेलं दिसलं नाही. बंदुकीत दोष निघाला, म्हणजे हातात नाही, असं तिने मानलं नाही. दोन्हीत असू शकतो, ती म्हणाली. सासरे म्हणाले, मग आधी बंदुकीचा काढू.

नळी आतून घासायची पद्धत अशी की तिच्यातच शिसं ओतून त्याचा बोटभर लांबीचा गट्टू करायचा. पिळाचे ठसे त्यावर नेमके उमटतात. त्या गट्टूला तेल आणि अगदी बारीक पूड लावून गजाने मागेपुढे ओढायचं, म्हणजे खरखरीत भाग झिजून बाकीच्यांशी सारखा होतो. सासऱ्यांनी आधी सांगितलं की असल्या नळ्या त्यांनी लय घासल्यात. सामान जमू लागलं तसं ते 'लय' कमी होत गेलं आणि शेवटी कळलं की घासत असे उस्ताद, हे नळी धरून ठेवत. "पर धरणाऱ्यालाच जास्त दिसतंय," ते म्हणाले.

पूड सराफकट्ट्यावरून आणली. दागिन्यांना चमक आणायला सराफ वापरतात ती लाल पूड. गज पिळाबरोबर आपोआप फिरला पाहिजे म्हणून सायकलच्या चाकातले छर्रे घालून मूठ केली. शिसं आणायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजचं वार्षिक ज्या छापखान्यात छापत, तिथे अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे पोत्यात पडलेले असत. मी पिशवीभर घेऊन आलो. इतक्या वर्षांच्या प्राचार्यांच्या मनोगतांतून निवृत्त झालेली ती अक्षरं शेवटी काहीतरी उपयोगी काम करणार, याचा मला आनंद झाला होता.

सासऱ्यांनी ती लोखंडी पळीत वितळवली, नळी कोमट केली, ओतली, गार होऊ दिली आणि ओढली. गट्टू निघताना असा किंचाळला की सेक्रेटरी उभे राहिले. बाहेर आला तो कडक, चकचकीत. त्यावर पूड बसेना, घसरून जाई. छापखान्याच्या शिशात दुसरे धातू मिसळलेले असतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

सासऱ्यांनी गट्टूवर नख ओढून पाहिलं. "पाव्हणं, तुमची अक्षरं लय कडक हायती. ह्येनं नळी पालिश न्हाई व्हायाची. मजकूर उमटंल."

बायको हसली. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा. मग तिने घरून रव्याची चाळण आणली आणि समोरच्या बांधावर जाऊन माती उकरायला लागली. क्लब सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या गोळ्या त्या बांधात होत्या. मऊ, निर्भेळ शिसं. ठिपक्यात लागलेल्या आणि न लागलेल्या, वाऱ्याने गेलेल्या, चष्म्याने गेलेल्या, सगळ्या चपट्या होऊन एकाच मातीत पडल्या होत्या. तिने चाळून ओंजळभर काढल्या. सेक्रेटरींनी त्यातली एक उचलून म्हटलं, ही माझी असणार. कशावरून ते त्यांनी सांगितलं नाही.

या वेळी गट्टू आला तो दुधाळ, मऊ, आणि त्याच्या अंगावर पिळाच्या रेघा अशा उमटलेल्या की सासरे तो बराच वेळ तळहातावर फिरवत राहिले. मग घासणं सुरू झालं. गज मागे, गज पुढे, पण गट्टू तोंडाबाहेर पूर्ण येऊ द्यायचा नाही, नाहीतर काठ मारला जातो. थोडं तेल, थोडी पूड. मे महिन्याची दुपार, तापलेला पत्रा, आणि तो एकसारखा श्वास घेतल्यासारखा आवाज. सेक्रेटरींनी भडंग आणला होता. सासऱ्यांनी पलटणीची शिस्त लावली: आधी ते, मग मी, मग सेक्रेटरी, दम लागला की बदल. सेक्रेटरी कापड मोजायच्या सवयीने हात पूर्ण ताणून ओढत आणि दर खेपेला गट्टू बाहेर येईल की काय अशी भीती वाटे, म्हणून त्यांना पूड लावायच्या कामावर बढती देण्यात आली.

संध्याकाळकडे सासरे रंगात आले. खरखर गेली होती, पण त्यांना आरसा हवा होता, तिरप्या उजेडातला सुद्धा. "अजून दोन हात मारू," ते म्हणत, आणि दोनाचे पुन्हा दोन होत. बायकोने येऊन गज हातात घेतला, डोळे मिटून एकदा मागून पुढे नेला.

"पुरं, आबा."

"अगं, अजून दोन हात..."

"लोण्यात लोणीच लागतंय. आता घासलं तर ढिली हुईल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पलटणीत त्यांना असं कुणी थांबवलं असतं तर त्या माणसावर एक गोष्ट तयार झाली असती. त्यांनी गज काढून घेतला, गट्टू फडक्यात गुंडाळला आणि खिशात टाकला.

लगेच उडवून पाहणं शक्य नव्हतं. काडतुसं तेव्हा मोजकीच मिळत आणि शिल्लक होती ती निवडीच्या दिवसापुरतीच. जूनच्या सुरुवातीला, राज्याच्या सामन्यांना जाणारी क्लबाची चार माणसं निवडायची होती. म्हणजे बंदुकीची आणि हाताची परीक्षा एकाच वेळी. बायकोने ते मान्य केलं. मधल्या दिवसांत ती घरात नेहमीसारखी वागली, फक्त चहात साखर घालायला दोनदा विसरली.

निवडीच्या सकाळी अध्यक्ष महाबळेश्वरहून ताजे होऊन आले होते. बुटांना नवं पॉलिश होतं. भाषण झालं. सासरे धुतलेला पटका बांधून, हात मागे घेऊन, परेडवर उभे राहतात तसे ओसरीच्या टोकाला उभे होते. सेक्रेटरी काडतुसं वाटताना कुणाच्याही डोळ्यांकडे बघत नव्हते.

सगळ्यांच्या शेवटी ती पालथी पडली. मी पुस्तक उघडलं आणि एकाच ओळीवर राहिलो. गोळी, मग शांतता, पुन्हा गोळी. तिचा खांदा मला दिसत होता. शेवटची गोळी सुटली तेव्हा तिने मान किंचित वाकडी केली, एवढंच.

पुठ्ठा आणायला सेक्रेटरी स्वतः धावले. परत येताना ते चालत आले, आणि चालताना पुठ्ठ्याकडेच बघत होते. काळ्या ठिपक्याच्या मधोमध, सुपारीएवढ्या जागेत, भोकात भोक पडलं होतं. आणि एक गोळी वेगळी, खाली उजवीकडे, एकटी.

अध्यक्षांनी पुठ्ठा हातात घेतला. "उत्तम, उत्तम. पण ही एक बघा. हात."

सासऱ्यांना राहवलं नाही. "काडतूस दमट असंल, साहेब. पलटणीत लय बघितल्यात असली."

बायकोने हात पुढे करून पुठ्ठा घेतला. त्या एकट्या भोकावर तिने बोट ठेवलं.

"न्हाई आबा, काडतूस न्हाई. ही माझी. शेवटाला माझा दम सुटला. तवाच कळलं मला."

तिने हे अशा आवाजात सांगितलं की अध्यक्षांनी पुठ्ठ्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. चूक दाखवल्यावर माणूस ओशाळतो, हा त्यांचा कोर्टातला अनुभव. ही बाई खूश होती. आजवर त्या पुठ्ठ्यांवरची सगळी भोकं कुणाचीही असू शकत होती: तिची, बंदुकीची, वाऱ्याची. आता हे एक नक्की तिचं होतं, आणि बाकीची सगळीही. तिने पुठ्ठा घडी न घालता घरी नेला. सासरे रस्ताभर दमट काडतुसाचा मुद्दा सोडत नव्हते आणि ती "व्हय आबा, व्हय" म्हणत होती.

चौघांत तिचं नाव चौथं लागलं. राज्याच्या सामन्यांत ती मधेच कुठेतरी आली आणि तृप्त होऊन परतली. क्लबाने सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, शेवटी बंदूक घराण्याची आहे, रक्त बोलतं. नळीत रक्त नसतं, पण त्या दिवशी मी पेढा खाल्ला. पुढे त्यांनी जाहीर केलं की या यशाबद्दल येत्या नवमीला मानाच्या बंदुकीला एकाऐवजी दोन नारळ.

सेक्रेटरींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांना आयुष्यात कधी बंड करावं लागेल असं वाटलं नसावं.

नवमीला सासरे मुद्दाम कराडहून आले. पूजेच्या आधी सेक्रेटरी लवकर येऊन खोलीत एकटेच काहीतरी करत होते. पाटावर बंदुका मांडल्या तेव्हा मानाच्या बंदुकीच्या तोंडावर एक टपोरा झेंडू बसवलेला दिसला. झेंडूखाली मेणाचं बूच होतं, आत घट्ट दाबलेलं. दोन नारळ फुटले. परंपरेवरचं भाषण एका नारळाच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट झालं. पाणी झेंडूवरून, नळीच्या बाहेरून, पाटावर आणि पाटावरून अध्यक्षांच्या बुटांवर ओघळलं. त्यांनी ते शुभ मानलं. दसऱ्याला सासऱ्यांनी खिशातून तेलाचं फडकं काढून नळी बाहेरून पुसली आणि सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "गड्या, बूच चांगलं बसवलंस." सेक्रेटरी दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होते.

बायकोने मात्र बंदुकीचा विषय सोडून दिला होता. तिला आता दम कुठे सुटतो ते बघायचं होतं. सासऱ्यांनी तिला पलटणीतली रीत सांगितली: बंदूक रिकामी ठेवायची, नळीवर टोकाजवळ नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता घोडा ओढायचा. तेव्हा पाच पैशाचं अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी नाणं होतं, फुंकर मारली तरी उडेल असं. ती संध्याकाळी क्लबाच्या ओसरीत पालथी पडे, मी नाणं ठेवी आणि पुन्हा खांबापाशी जाऊन पुस्तक उघडी. घोड्याचा आवाज, मग शहाबादी फरशीवर नाण्याचा हलका आवाज, मग तिचं "ठेवा." मी उठे.

सुरुवातीला माझं एक पानही वाचून होत नसे. त्या हिवाळ्यात मात्र मी पुष्कळ वाचलं.